शेकडो सीडींमधली गाणी संगणकावर लवकर आणि नीट कशी उतरवायची

नौपाड्यातल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या वसाहतींमध्येही तेच चाललंय. भाड्याच्या घरात सामान हलवायची वेळ आली की माळ्यावरून सीडींची खोकी खाली येतात. नाट्यसंगीत, अभंग, भावगीतं, शास्त्रीय मैफिली, जुनी हिंदी गाणी असं बरंच काही त्यांत असतं. नव्या लॅपटॉपला सीडीचा खणच नसतो आणि घरातला म्युझिक सिस्टीम कधीच बंद पडलेला असतो. हा लेख त्या खोक्यांसमोर बसलेल्यांसाठी आहे. यापूर्वी एकही सीडी संगणकावर घेतली नसली तरी चालेल.

चारशे सीडींचं काम एका लांब सुट्टीत होऊ शकतं. ज्यांचं ते वर्षानुवर्षं रेंगाळतं, ते बहुतेक वेळा दर सीडीपाशी थांबून गाण्यांची नावं टाइप करत बसतात, नाहीतर ओरखडे पडलेल्या एखाद्या सीडीशी तासभर झुंजतात. सीडी वाचणं, नावं घालणं आणि बिघडलेल्या सीडींवर उपचार करणं ही तीन कामं वेगळी ठेवलीत की निम्मी लढाई जिंकलात. खालचा सगळा क्रम याच एका गोष्टीवर उभा आहे.

आधी खोकी निवडून घ्या

संगणक सुरू करण्याआधी सगळ्या सीडी जमिनीवर मांडा आणि त्यांचे ढीग करा. आपल्याकडच्या संग्रहात चार प्रकार हमखास निघतात.

पहिला प्रकार कंपनीने छापलेल्या ऑडिओ सीडीचा. तिची खालची बाजू चंदेरी असते आणि एका सीडीत जास्तीत जास्त 74 ते 80 मिनिटांचं संगीत असतं. पुढे ज्या पायऱ्या येतील त्या मुख्यतः हिच्यासाठी आहेत.

दुसरा प्रकार एमपीथ्री सीडीचा. 'शंभर भक्तिगीतं एकाच सीडीत' अशी जाहिरात वेष्टनावर दिसली की ही तीच समजा. यात फाइलीच असतात, त्यामुळे रिप करण्याचा, म्हणजे सीडीतला आवाज वाचून त्याच्या फाइली बनवण्याचा, प्रश्नच नाही. फोल्डर उघडा, कॉपी करा, पुढची घ्या. तिसरा प्रकार व्हीसीडी. नाटकं, कीर्तनं आणि लग्नाची चित्रफीत यांच्या व्हीसीडी घरोघरी असतात. त्यातल्या 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये मोठ्या 'डॅट' फाइली सापडतात. त्या तशाच कॉपी करून घ्या, व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतात. कॉपी होताना अडखळली तर ती सीडी बाजूला ठेवा.

चौथा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा, तो म्हणजे घरी किंवा दुकानात 'राइट' करून घेतलेली सीडी. तिची खालची बाजू निळसर, हिरवट किंवा सोनेरी दिसते. छापलेल्या सीडीत माहितीचे सूक्ष्म खड्डे ठशाने उमटवलेले असतात, तर हिच्यात लेझरने रासायनिक रंगाचा थर बदललेला असतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर विरत जातो. शिवाय हिच्यावर असतो आजीने म्हटलेला हरिपाठ, सोसायटीच्या गणेशोत्सवातला कार्यक्रम, एखाद्या घरगुती बैठकीचं ध्वनिमुद्रण. कंपनीने काढलेला अल्बम उद्या दुसरीकडे मिळू शकेल, हे मिळणार नाही. म्हणून सरावाला चार-पाच साध्या सीडी घ्या आणि हात बसला की सर्वांत आधी हा ढीग संपवा.

ढीग झाले की प्रत्येक सीडीला क्रमांक द्या: 0001, 0002 असा. क्रमांकाची चिठ्ठी डबीवर लावा. सीडीवर कागद चिकटवू नका, तोल जातो आणि वेगात फिरताना सीडी थरथरते. लगेच मोबाइलवर त्या डबीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो घ्या. आतला कागद उघडत असेल तर त्याचाही घ्या, कारण साथीला तबला-पेटीवर कोण होतं हे बऱ्याचदा फक्त तिथेच छापलेलं असतं. हे फोटो पुढे फार कामाला येतात.

ड्राइव्ह: इथे थोडे पैसे खर्च करा

यूएसबीला जोडायचा पातळ ड्राइव्ह ऑनलाइन सहज मिळतो. पन्नास सीडी असतील तर तो पुरे. संग्रह शेकड्यांत असेल तर मात्र जुन्या डेस्कटॉपमधला रुंद 'साटा' (संगणकाच्या आतल्या जोडणीचा) ड्राइव्ह शोधा. पातळ ड्राइव्हचा वेग सीडी ऐकताना असतो त्याच्या साधारण 24 पटींपर्यंत असतो, रुंद ड्राइव्ह 48 पटींपर्यंत जातो. तो पूर्ण वेग सीडीच्या फक्त बाहेरच्या कडेला मिळतो. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे सुरुवातीची गाणी हळू आणि शेवटची भराभर उतरतात. पहिल्या गाण्याला वेळ लागला म्हणून काही बिघडलंय असं समजू नका.

असे ड्राइव्ह ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर अजून मिळतात. ठाण्यात-नवी मुंबईत संगणक दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही दुकानात विचारा, जुन्या कॅबिनेटमधून काढलेले दोन-चार त्यांच्याकडे पडलेलेच असतात. लॅपटॉपला जोडायला साटा-यूएसबी कन्व्हर्टर लागेल. तो घेताना सोबत 12 व्होल्टचा अडॅप्टर आहे ना ते पाहा. रुंद ड्राइव्ह नुसत्या यूएसबीच्या विजेवर चालत नाही.

एकाऐवजी दोन किंवा तीन ड्राइव्ह घ्या, माझा याबाबत आग्रहच आहे. हिशोब सोपा आहे. एका सीडीला सरासरी 6 मिनिटं धरली तर 400 सीडींना एका ड्राइव्हवर 40 तास लागतील. तीन ड्राइव्ह एकाच वेळी चालले तर साडेतेरा तासांच्या आसपास. तिसऱ्यात सीडी घालेपर्यंत पहिला रिकामा होत आलेला असतो, म्हणजे तुम्हीही ताटकळत बसत नाही. शिवाय एका ड्राइव्हला न वाचता आलेली सीडी दुसरा कित्येकदा सहज वाचतो.

फाइलीचा प्रकार: एकदाच करायचंय, तर फ्लॅक

ऑडिओ सीडीत आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने असतात, प्रत्येक नमुना 16 बिटांचा आणि असे दोन चॅनेल. 'फ्लॅक' हा प्रकार ही सगळी माहिती जशीच्या तशी ठेवतो, फक्त घडी घालून जागा वाचवतो. तो मोफत आणि खुला आहे, 2001 पासून वापरात आहे. एमपीथ्री मात्र कानाला फारसं जाणवणार नाही असा भाग कायमचा काढून टाकतं. मोबाइलवर बसमध्ये ऐकायला एमपीथ्री पुरतं. पण फ्लॅकवरून एमपीथ्री केव्हाही बनवता येतं, उलटं होत नाही. चारशे सीडी परत हाताळायच्या नसतील तर मूळ प्रत फ्लॅकच हवी.

जागेची काळजी नको. तासाभराची सीडी फ्लॅकमध्ये साधारण 250 ते 400 एमबी होते. 400 सीडींचे 140 जीबीच्या आसपास होतील, म्हणजे एक टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये भरपूर जागा उरेल. फ्लॅकमध्ये शून्य ते आठ अशा पातळ्या असतात. आवाज सगळ्यांत एकच, फरक फक्त आकाराचा आणि वेळेचा. पाचवर ठेवा आणि विसरून जा.

शास्त्रीय मैफिली आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे. आलाप एका ट्रॅकमध्ये आणि बंदिश पुढच्या ट्रॅकमध्ये अशी विभागणी असते, मध्ये खंड नसतो. एमपीथ्रीत दर ट्रॅकच्या टोकांना किंचित शांतता जोडली जाते आणि काही प्लेअरवर नेमका समेच्या तोंडाशी खटका ऐकू येतो. फ्लॅकमध्ये हा त्रास नाही.

सॉफ्टवेअर आणि एकदाच करायची जुळणी

विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' घ्या, मोफत आहे. थोडे पैसे द्यायची तयारी असेल तर 'डीबीपॉवरअँप' जास्त सुटसुटीत आहे. त्यात दर ड्राइव्हसाठी वेगळी खिडकी उघडता येते आणि एकाच वेळी अनेक सीडींसाठी बनवलेली सोयही मिळते. मॅकवर 'एक्सएलडी', लिनक्सवर 'व्हिपर'. विंडोजमधलं साधं मीडिया प्लेअरसुद्धा फ्लॅक बनवतं, पण वाचताना चूक झाली का हे ते नीट सांगत नाही, म्हणून मी ते सुचवत नाही.

चूक कळणं का महत्त्वाचं? गाण्याची सीडी ही डेटा सीडीसारखी काटेकोर नसते. काही बिट वाचता आले नाहीत तर ड्राइव्ह अंदाजाने जागा भरतो आणि पुढे जातो. कधी कळत नाही, कधी 'टिक' असा आवाज फाइलीत कायमचा बसतो. चारशे सीडी ऐकून तपासणं शक्य नाही, म्हणून तपासणी यंत्राकडूनच करून घ्यायची.

त्यासाठी 'ॲक्युरेटरिप' नावाचा साठा आहे. जगभरच्या लोकांनी आपापल्या सीडी उतरवल्यावर आलेल्या बेरजा, म्हणजे आवाजाच्या माहितीवरून सॉफ्टवेअरने काढलेले तपासणीचे आकडे, त्यात असतात. तुमची बेरीज इतरांशी जुळली की सीडी अचूक उतरली. वर सुचवलेली चारही सॉफ्टवेअर हा ताळा घेऊ शकतात. प्रत्येक ड्राइव्ह काही नमुने पुढे किंवा मागे वाचतो. तो फरक एकदा नोंदवला की ताळा बसतो. सॉफ्टवेअर सहसा हे आपोआप ओळखतं, फक्त पहिल्यांदा खूप खपलेली एखादी सीडी घालावी लागते. लोकप्रिय हिंदी चित्रपटाची किंवा गाजलेल्या इंग्रजी अल्बमची चालेल.

आता आपली अडचण. मराठी सीडी या साठ्यात अनेकदा नसतात, कारण त्या उतरवून नोंद करणारे लोकच थोडे. अशा सीडीसाठी 'टेस्ट अँड कॉपी' वापरा. सॉफ्टवेअर तीच सीडी दोनदा वाचतं आणि दोन्ही बेरजा ताडून पाहतं. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीत शिफ्ट आणि एफ-6 एकत्र दाबलं की हे होतं आणि फाइल थेट फ्लॅकमध्ये जाते. वेळ दुपटीच्या जवळ जातो, पण मराठी संग्रहासाठी मी हाच मार्ग घेईन. हिंदी आणि इंग्रजी सीडींना एकदाच वाचून ॲक्युरेटरिपशी जुळवलं तरी पुरतं. म्हणून ढीग करतानाच या दोन रांगा वेगळ्या ठेवा आणि वेळेचा अंदाजही तसाच बांधा.

सेटिंगमध्ये आणखी दोन गोष्टी करून ठेवा. काम संपल्यावर सीडी आपोआप बाहेर यावी आणि दर सीडीची नोंद-फाइल (काय नीट उतरलं, कुठे चूक झाली ते सांगणारी) फोल्डरमध्येच जतन व्हावी. बाहेर आलेला ट्रे हीच तुमची घंटा. शेजारच्या खोलीतून जाता-येता दिसला की सीडी बदलायची.

प्रत्यक्ष उतरवताना

सीडी घाला. नावं इंटरनेटवरून आली तर उत्तम. चुकीची किंवा अर्धवट आली तरी हात लावू नका. फोल्डरच्या नावाची सुरुवात डबीवरच्या क्रमांकाने करा आणि सुरू करा. नावं आलीच नाहीत तर 'ट्रॅक 01, ट्रॅक 02' राहू द्या. क्रमांक आहे, फोटो आहेत, नंतर सगळं जुळवता येतं.

एखादी सीडी दहा मिनिटांत पुढे सरकली नाही तर थांबवा आणि 'आजारी' ढिगात टाका. हा नियम मोडायचा मोह फार होतो, विशेषतः सीडी आवडती असेल तेव्हा. पण एका सीडीसाठी अडून बसलात की बाकीचे ड्राइव्हही रिकामे पडून राहतात.

झालेल्या डब्या दुसऱ्या खोक्यात, क्रमाने. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला तरी बाहेरचे ड्राइव्ह थेट विजेवर असतात. वीज गेली तर ती सीडी पुन्हा करावी लागते, बाकी नुकसान नाही. देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचा निरोप आला असेल तर तो दिवस फोटो काढायला ठेवा.

आजारी सीडी

खाडीकाठची आपली हवा सीडीला मानवत नाही. जून ते सप्टेंबर माळ्यावर राहिलेल्या सीडींवर पांढुरके डाग दिसतात, प्लास्टिकच्या पाकिटातल्या तर पाकिटाला चिकटून बसतात. ओढून काढू नका, पाकीट कडेने कापा.

आधी सीडी ट्यूबलाइटसमोर धरा. छापील बाजूकडून सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले तर तिथला ॲल्युमिनिअमचा थर गेला आहे. तो भाग परत येत नाही. पुष्कळ जण खालच्या चकचकीत बाजूला जपतात, पण खरी नाजूक बाजू वरची आहे. खाली एक मिलिमीटरहून जास्त जाडीचं प्लास्टिक असतं, वर धातूच्या थरावर फक्त लाखेचा पातळ लेप. म्हणूनच बॉलपेनने सीडीवर लिहू नये आणि चिकटलेलं लेबल ओरबाडू नये.

डाग किंवा बोटांचे ठसे असतील तर साध्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून खालची बाजू हलक्या हाताने धुवा. राइट केलेल्या सीडीची वरची बाजू कोरडीच ठेवा. चष्मा पुसायच्या मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल कधीच नाही. यामागे कारण आहे. सीडीच्या रचनेत चूक दुरुस्त करण्याची सोय असते आणि साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग खंड ती पूर्ण भरून काढते. आडवा ओरखडा दर फेरीत थोडासाच आड येतो, त्यामुळे तो पचतो. गोल ओरखडा मात्र सलग माहितीवरूनच धावतो आणि तीच सीडी अडते. टूथपेस्टने घासायचा सल्ला बरेच देतात. ज्या सीडीची दुसरी प्रत जगात नाही तिच्यावर हा प्रयोग करू नका.

पुसून झालं की दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला आणि वेग आठ पटींवर आणा. तरीही जमलं नाही तर तिसऱ्यात. रात्री झोपताना एक आजारी सीडी लावून ठेवायची, सकाळी निकाल पाहायचा. अखेर एखादाच ट्रॅक अडला तर बाकीचे घ्या आणि फोल्डरमध्ये तशी टीप लिहा.

नावं आणि टॅग

आता निवांत बसायचं काम: फाइलींना नावं देणं आणि टॅग, म्हणजे फाइलीच्या आत साठवायची गाणं-गायक वगैरे माहिती, भरणं. हे घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत करा. फोटोतली बारीक अक्षरं वाचायला आणि 'हे कुणाचं नाटक' ते सांगायला त्यांच्याइतकं कुणी नाही.

'एमपीथ्रीटॅग' हे मोफत सॉफ्टवेअर नाव एमपीथ्रीचं असलं तरी फ्लॅकलाही चालतं आणि शंभर फाइली एकदम बदलतं. 'म्युझिकब्रेन्झ पिकार्ड' इंटरनेटवरच्या आपल्या साठ्यातून नावं शोधून देतं, पण मराठीसाठी बहुधा हातानेच भरावं लागेल. तिथे नसलेला अल्बम तुम्ही नोंदवलात तर पुढच्या माणसाचे कष्ट वाचतील.

भावगीतांत गायक, संगीतकार आणि गीतकार हे तिन्ही रकाने भरा. आपण गाणी तशीच शोधतो. ठाण्याचे नगराध्यक्षपद भूषवलेले पी. सावळाराम, संगीतकार वसंत प्रभू आणि लता मंगेशकर यांची गाणी एकत्र ऐकायची असतील तर नुसतं गायिकेचं नाव पुरत नाही. हजारो गाण्यांत ती हरवतील. शास्त्रीयमध्ये ट्रॅकच्या नावात आधी राग, मग प्रकार, मग ताल असा एकच क्रम धरा. नाट्यगीताला नाटकाचं नाव हवंच.

टॅग देवनागरीत लिहा, फोल्डरची आणि फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवा. गाडीतले बरेच प्लेअर देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात. काही ठिकाणी फाइलीच्या नावाला 255 बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा धरून. लांब नाव कॉपी होताना मध्येच अडतं. 'वसंतराव' की 'डॉ. वसंतराव', 'पं.' लावायचं की नाही, हे आधीच ठरवा, नाहीतर एकाच गायकाची तीन नावं यादीत दिसतील.

प्रती, कायदा आणि मूळ सीडी

काम झाल्याच्या दिवशीच दुसऱ्या हार्ड डिस्कवर पूर्ण प्रत घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. पुण्याला बहिणीकडे, डोंबिवलीला मामांकडे, कुठेही, पण त्याच कपाटात नको. घरगुती ध्वनिमुद्रणांची तिसरी प्रत क्लाउडवर असावी. फ्लॅकच्या प्रत्येक फाइलीत आवाजाची स्वतःची बेरीज साठवलेली असते. 'फूबार2000' या मोफत प्लेअरमधून वर्षातून एकदा सगळ्या फाइली तपासून घ्या, खराब झालेली लगेच कळते.

स्वतःच्या सीडीवरून स्वतःच्या वापरासाठी प्रत करण्याला भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 मधल्या कलम 52 चा आधार आहे. खासगी वापरासाठीचा रास्त व्यवहार त्यात येतो. ही सूट तुमच्या घरापुरती आहे. सोसायटीच्या ग्रुपवर पूर्ण अल्बम टाकणं किंवा पेन ड्राइव्ह भरून विकणं तिच्यात बसत नाही. म्हणूनच सीडी रद्दीत देऊ नका. त्या तुमच्या मालकीचा पुरावा आहेत आणि शेवटची प्रतही. माळ्याऐवजी कपाटाच्या मधल्या खणात, उभ्या, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. पुडी पावसाळ्यापूर्वी बदला.

कुणाकडून करून घ्यायचं असेल तर

तब्येतीमुळे किंवा वेळेअभावी काम बाहेर द्यावं लागलं तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: फाइली फ्लॅकमध्ये मिळतील का, दर सीडीची नोंद-फाइल देणार का, आणि न वाचल्या गेलेल्या ट्रॅकची यादी देणार का. पहिल्याचं उत्तर 'एमपीथ्रीच देतो' असं आलं तर दुसरं दुकान पाहा. क्रमांक आणि फोटो आधी तुम्हीच घेऊन ठेवा, सीडी मोजून द्या आणि मोजून परत घ्या. राइट केलेल्या घरगुती सीडी मात्र बाहेर देऊ नका. तेवढ्या पंधरा-वीस असल्या तरी घरच्या घरी एक ड्राइव्ह आणून स्वतःच उतरवा.